अतिसंवाहकावर चुंबक: पहिला नमुना कसा आखावा, बनवावा, मोजावा आणि मोडून पाहावा

अतिसंवाहक आणि लोहचुंबक यांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोडीने फिरतात, आणि नेहमीच्या कूपर जोडीत एकाचा स्पिन वर असेल तर दुसऱ्याचा खाली. लोहचुंबकाला मात्र सगळे स्पिन एकाच दिशेला हवेत. ताकदीचा हिशेबही एकतर्फी आहे. जोडी टिकवून धरणारी ऊर्जा साधारण एक मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि लोखंड-कोबाल्टमध्ये स्पिनना एका दिशेला वळवणारी ऊर्जा त्याच्या शेकडो पट. सरळ सामना लावला तर निकाल ठरलेला.

पण दोघांना नेमक्या अंतरावर, नेमक्या जोराने एकमेकांना भिडवलं की त्या सीमेवर अशा अवस्था जन्मतात ज्या दोघांपैकी कुणाकडेही एकट्याने नसतात. त्या कशा घडवायच्या, हा या लेखाचा विषय. घनपदार्थ भौतिकीत नुकताच प्रवेश केलेला संशोधक विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. अतिसंवाहकता म्हणजे काय हे माहीत आहे, पण निर्वातकक्षासमोर बसून पहिलं पाऊल कोणतं टाकायचं ते कळत नाही, अशी बहुतेकांची स्थिती असते.

माझं एक मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. मोजणीच्या आलेखात शून्य ऊर्जेवर शिखर मिळवणं हे या क्षेत्रातलं अवघड काम नाही. ते शिखर कशाचं आहे हे सांगणं अवघड आहे. म्हणून खालचा प्रत्येक निर्णय शेवटच्या पायरीकडे बघून घ्यायचा: उद्या माझाच दावा मला मोडून पाहायचा झाला, तर या नमुन्यावर ते करता येईल का?

पायरी १: नेमकी कोणती अवस्था हवी आहे?

'विलक्षण पुंज अवस्था' हा शब्दप्रयोग फार सैल आहे. त्यात किमान तीन वेगळी कामं दडलेली असतात.

सर्वांत सोपं काम एकट्या चुंबकीय अणूचं. अतिसंवाहकाच्या पृष्ठभागावर एक चुंबकीय अणू ठेवला की गॅपच्या (एकट्या इलेक्ट्रॉनला एरवी जागा नसते त्या ऊर्जापट्ट्याच्या) आत, शून्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर दोन रेषा उगवतात. यू, शिबा आणि रुसिनोव या तिघांनी १९६० च्या दशकात याचं गणित स्वतंत्रपणे मांडलं, म्हणून या अवस्थांना तिघांचं नाव आहे. बोलताना सगळे नुसतं 'शिबा अवस्था' म्हणतात. १९९७ मध्ये निओबियमवर मँगॅनीज आणि गॅडोलिनियमचे अणू ठेवून त्या एसटीएमने (पृष्ठभागाजवळ नेलेल्या अणकुचीदार टोकातून प्रवाह मोजणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने) प्रत्यक्ष पाहिल्या गेल्या. अणू आणि अतिसंवाहक यांच्यातला चुंबकीय दुवा घट्ट होत गेला की या रेषा गॅपच्या कडेकडून शून्याकडे सरकतात, एकमेकींना ओलांडतात आणि पुन्हा बाहेर जातात. ओलांडण्याच्या त्या क्षणी मूळ अवस्थेतली इलेक्ट्रॉनसंख्या समची विषम होते. एका अणूने घडवलेलं हे प्रावस्थांतर आहे, आणि ते लक्षात ठेवा, कारण पुढे हेच फसवणार आहे.

दुसरं काम समांतर स्पिनच्या जोड्यांचं. या ट्रिप्लेट जोड्यांना चुंबकाचं वावडं नसतं, त्यामुळे त्या चुंबकात दूरवर जाऊ शकतात. याची रचना थरांची असते. तिच्याबद्दल नंतर थोडक्यात बोलू.

तिसरं आणि सगळ्यांना हवं असलेलं काम म्हणजे मायोराना अवस्था. चुंबकीय अणूंची साखळी केली की शेजारच्या शिबा अवस्था एकमेकींत मिसळून गॅपच्या आत पट्टा तयार होतो. या पट्ट्याला जर योग्य प्रकारचा स्वतःचा छोटा गॅप पडला, तर साखळीच्या दोन टोकांना शून्य ऊर्जेची एकेक अवस्था उरते. दोन्ही टोकं मिळून एक इलेक्ट्रॉन अवस्था होते, म्हणजे प्रत्येक टोकाला जणू अर्धाच. माहिती दोन लांबच्या जागी वाटली गेल्यामुळे एका जागच्या गडबडीने ती पुसली जात नाही, आणि पुंज संगणनवाल्यांना या अवस्थांचं आकर्षण वाटतं ते यामुळेच.

ध्येय तिसरं असलं तरी सुरुवात पहिल्यापासूनच करा. एकट्या अणूचा स्वच्छ वर्णपट ज्याला मिळत नाही, त्याने साखळी बांधायला घेणं म्हणजे आधी कळस मग पाया.

पायरी २: धातूला हात लावण्याआधी संगणकावर

अलेक्सेई कितायेव यांनी २००१ मध्ये मांडलेली साखळी स्वतः प्रोग्राममध्ये लिहा. लागतात तीनच संख्या: शेजारच्या जागेवर उडी मारण्याची ऊर्जा, रासायनिक विभव आणि शेजारच्या जागांमधली जोडणी. पन्नास जागांचं मॅट्रिक्स सोडवा. जोडणी शून्य नसेल, आणि रासायनिक विभवाचं मूल्य उडीच्या ऊर्जेच्या दुपटीपेक्षा कमी असेल, तर शून्याला चिकटलेली एक जोडी दिसेल. जास्त झालं की ती नाहीशी होते.

इथपर्यंत सगळेच करतात. खरा अभ्यास यानंतरचा. जागा पन्नासावरून दहावर आणा आणि दोन टोकांच्या अवस्था एकमेकींना ओळखू लागल्यावर शून्य कसं दुभंगतं ते पाहा. मग प्रत्येक जागेवर विभवाची यादृच्छिक गडबड घाला. शेवटी टोपोलॉजिकल नसलेल्या, म्हणजे ती जोडी नाहीशी झालेल्या, बाजूला राहून, फक्त शेवटच्या दोन-तीन जागांवरचं विभव बदला आणि टोकाला शून्याजवळ अवस्था आणता येते का पाहा. येते. मायोराना नसताना मायोरानासारखं काहीतरी स्वतःच्या हाताने बनवून पाहिलेला माणूस पुढे प्रयोगात सहज भुलत नाही.

खऱ्या पदार्थाच्या जवळ जायचं तर अतिसंवाहकाचा पृष्ठभाग, स्पिन-कक्षा आंतरक्रिया (इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि त्याची गती यांच्यातला दुवा) आणि अणूंचे स्पिन हे सगळं घेऊन गणित करावं लागतं. पायथॉनमधलं क्वांट हे मुक्त साधन त्यासाठी उपयोगी आहे. आकडे तंतोतंत जुळण्याची अपेक्षा धरू नका; कोणती राशी वाढली की काय घडतं, एवढी दिशा कळली तरी पुरे.

पायरी ३: अतिसंवाहक निवडणं

निवड करताना नवखा माणूस संक्रमण तापमान पाहतो. पाहायला हवा तो गॅप, आणि तोही तुमच्या मोजणीच्या तापमानाशी ताडून. एसटीएमच्या साध्या धातूच्या टोकाने टनेलिंग केल्यास उष्णतेमुळे प्रत्येक रेषा साधारण ३.५ गुणिले बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान एवढी रुंद होते. ४.२ केल्व्हिनला ही रुंदी जवळपास १.२७ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट भरते, १ केल्व्हिनला ०.३ आणि ०.३ केल्व्हिनला ०.०९.

आता हे गॅपशी ताडा. निओबियमचं संक्रमण तापमान ९.२ केल्व्हिन आणि गॅप सुमारे १.५ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट. शिशाचं ७.२ केल्व्हिन, गॅप साधारण १.३५. ऱ्हेनियमचं १.७ केल्व्हिन, गॅप ०.२८ च्या आसपास. ॲल्युमिनियमचं १.२ केल्व्हिन आणि गॅप ०.२ हून थोडा कमी. म्हणजे नुसत्या द्रव हेलियमच्या तापमानाला निओबियमचा गॅपसुद्धा धूसर होतो, आणि साखळीतला छोटा टोपोलॉजिकल गॅप तर या मूळ गॅपचा लहानसा अंश असतो. तुमच्याकडे १ केल्व्हिनपेक्षा थंड यंत्रणा नसेल तर ऱ्हेनियम आणि ॲल्युमिनियमचा विचार सोडून द्या.

गॅपइतकीच महत्त्वाची स्पिन-कक्षा आंतरक्रिया. अणूंचे स्पिन सगळे एकाच दिशेला असतील, तर समांतर स्पिनच्या इलेक्ट्रॉनांची जोडी जुळवायला कुणीतरी स्पिन थोडा फिरवावा लागतो, आणि ते काम ही आंतरक्रिया करते. जड मूलद्रव्यांत ती जोरदार असते. २०१४ मध्ये प्रिन्स्टनच्या गटाने लोखंडाच्या साखळ्यांसाठी शिसं निवडलं, त्यामागे हेच कारण होतं. स्पिन स्वतःच साखळीभर मळसूत्रासारखे फिरत गेले असतील तर या आंतरक्रियेची गरज कमी होते.

पायरी ४: चुंबक निवडणं

इथे फार रेंगाळत नाही. एकेका अणूचं काम असेल तर मँगॅनीज, क्रोमियम किंवा लोखंड. मँगॅनीजचा स्पिन मोठा, त्याच्या शिबा रेषा ठळक. कोणता अणू कोणत्या पृष्ठभागावर किती घट्ट जोडला जाईल हे आधी सांगणं कठीण, कारण पृष्ठभागावरची जागा आणि शेजाऱ्यांची दिशा बदलली की सगळंच बदलतं. दोन-तीन मूलद्रव्यं करून पाहण्याची तयारी ठेवा.

थरांचं काम असेल तर चुंबकीय विद्युतरोधक ही माझी पहिली पसंती. युरोपियम सल्फाइड साधारण १६.५ केल्व्हिनखाली लोहचुंबक होतं, आणि त्यावरच्या पातळ ॲल्युमिनियममधले स्पिन असे विभागले जातात, जणू बाहेरून काही टेस्लाचं क्षेत्र लावलं आहे. विद्युतरोधक असल्यामुळे ते अतिसंवाहकातल्या जोड्या गिळत नाही. धातूचा चुंबक जोड्या आपल्या पोटात ओढून घेतो आणि गॅप खिळखिळा करतो.

तिसरा मार्ग एकअणुजाडीच्या थरांचा: निओबियम डायसेलेनाइड या अतिसंवाहकावर क्रोमियम ट्रायब्रोमाइडचा थर वाढवणं. आल्तो विद्यापीठाच्या गटाने २०२० मध्ये अशा रचनेत टोपोलॉजिकल अतिसंवाहकतेच्या खुणा दिसल्याचं मांडलं. या थरांमध्ये रासायनिक बंध नसल्यामुळे सांधा आपोआप स्वच्छ राहतो, हा मोठा फायदा. हवेचं मात्र वैर आहे, तेव्हा सगळं काम निर्वातात किंवा निष्क्रिय वायूच्या पेटीत.

पायरी ५: सांधा, जिथे बहुतेक प्रयोग मरतात

तुमचा वेळ कुठे जाणार असं विचाराल तर इथे. मोजणीत नाही, सिद्धांतात नाही. पृष्ठभाग स्वच्छ करण्यात.

निओबियमचंच घ्या. त्याच्या पोटात ऑक्सिजन विरघळलेला असतो. तापवलं की तो पृष्ठभागावर येऊन बसतो. म्हणजे घाण जावी म्हणून मध्यम तापमानाला तासन्‌तास भाजत राहिलात तर आतून आणखी वर येते, आणि एसटीएमखाली ऑक्सिजनच्या नीटनेटक्या रांगा दिसतात. नवखा माणूस त्यांनाच अणूंची रचना समजून खूश होतो. माझ्या वहीतल्या पहिल्या काही चित्रांखाली 'उत्तम पृष्ठभाग' असं लिहिलेलं आहे, ते मी मुद्दाम खोडलेलं नाही. उपाय म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने स्फटिक थोड्या वेळासाठी वितळणबिंदूच्या, म्हणजे २४७७ अंश सेल्सियसच्या, जवळ नेणं. त्या तापमानाला ऑक्सिजन पृष्ठभागावरून उडून जातो. पण तेवढ्या वेळात कक्षातला दाब वाढता कामा नये, नाहीतर थंड होताना नवा ऑक्सिजन येऊन बसतो. म्हणून आधी स्फटिक धरणारा भाग कमी तापमानाला बराच वेळ भाजून त्यातले वायू काढा, आणि मग छोटे-छोटे झटके द्या. एका स्फटिकाला असे कितीतरी झटके द्यावे लागतात.

गंमत म्हणजे कधीकधी हीच 'घाण' कामाला येते. हॅम्बुर्गच्या गटाने २०१९ मध्ये ऱ्हेनियमवर मुद्दाम ऑक्सिजनचा व्यवस्थित थर ठेवून त्यावर लोखंडाची बेटं वाढवली, आणि बेटांच्या कडेने जाणाऱ्या अवस्था पाहिल्या. थर मुद्दाम ठेवला आहे की चुकून राहिला आहे, फरक तेवढाच.

सांधा चांगला आहे का हे ओळखायची एक खूण: गॅपच्या आतली वाहकता. ती जवळपास शून्य असेल तर गॅप 'कडक'. आत बशीसारखा उथळ खळगा असेल तर 'मऊ', आणि मऊ गॅपमध्ये कोणत्याही शिखराचा अर्थ लावू नये. २०१५ मध्ये कोपनहेगनमध्ये इंडियम आर्सेनाइडच्या नॅनोतारेवर ॲल्युमिनियमचा थर अणूला अणू जुळवत थेट वाढवला, तेव्हा गॅप एकदम कडक झाला. मूलद्रव्यं जुनीच होती, सुधारला होता तो सांधा.

पायरी ६: अणू मांडणं

चुंबकीय अणू पृष्ठभागावर सोडायचे तर पृष्ठभाग १० केल्व्हिनच्या आसपास किंवा त्याहून थंड हवा. जरा ऊब मिळाली की अणू सरकतात आणि आपापले घोळके करतात. प्रमाण इतकं विरळ ठेवा की एकटे अणू भरपूर सापडतील आणि साखळीला कच्चा मालही हाताशी असेल.

मग एसटीएमचं टोक अणूच्या जवळ न्यायचं, व्होल्टेज काही मिलीव्होल्टवर आणायचं, प्रवाह चित्र काढताना असतो त्याच्या कितीतरी पट वाढवायचा आणि टोक हळूच बाजूला सरकवायचं. अणू मागोमाग येतो. कधी येत नाही, कधी टोकालाच चिकटतो. दर तीन-चार अणूंनंतर चित्र काढून जागा तपासा, कारण एक अणू एका जाळीबिंदूने चुकला तरी ती साखळी तुमच्या गणितातली राहत नाही.

२०१४ च्या शिशावरच्या साखळ्या आपोआप वाढलेल्या होत्या. लांब मिळाल्या, पण लांबी हवी तशी ठरवता येत नव्हती आणि टोकाला काय आहे हेही पूर्ण हातात नव्हतं. २०१८ मध्ये ऱ्हेनियमवर लोखंडाचे अणू एकेक करून ओळीत लावले गेले. मेहनत अफाट, पण मोबदल्यात लांबी तुमच्या हातात येते. पुढच्या चाचण्यांसाठी मला ही अदलाबदल नेहमीच फायद्याची वाटते.

अणूंऐवजी थर वापरणार असाल तर

दोन अतिसंवाहकांच्या मध्ये पातळ चुंबक असं जोसेफसन जंक्शन बनवलं की साध्या जोड्या चुंबकात शिरताना आत-बाहेर हेलकावतात. जाडी बदलत गेलात तर जंक्शनची मूळ अवस्था शून्य कलेची (दोन्ही अतिसंवाहकांचे तरंग जुळलेली) असते ती π कलेची (तरंग उलटे असलेली) होते. २००१ मध्ये तांबं-निकेलच्या कमजोर चुंबकाने हे दाखवलं गेलं. लोखंड-कोबाल्टसारख्या जोरदार चुंबकात साध्या जोड्या एखाद-दोन नॅनोमीटरमध्येच संपतात, त्यामुळे तिथे जाडीवर अणुथराइतकं नियंत्रण हवं.

ट्रिप्लेट जोड्या हव्या असतील तर चुंबकनाची दिशा थराथरात बदलायला हवी. मधल्या थराच्या दोन्ही बाजूंना वेगळ्या दिशेचे पातळ चुंबक घाला; २०१० मध्ये होल्मियमचा नैसर्गिक मळसूत्री चुंबक वापरूनही हे साधलं. त्याआधी २००६ मध्ये क्रोमियम डायऑक्साइडमधून, जिथे वाहक इलेक्ट्रॉनांचा एकच स्पिन असतो, अतिप्रवाह गेलेला दिसला होता. एक व्यावहारिक युक्ती: मधल्या कोबाल्टच्या स्वतःच्या क्षेत्राने मोजणीचा आकृतिबंध विस्कटतो. कोबाल्टचे दोन थर करून त्यांच्यात साधारण ०.६ नॅनोमीटर रुथेनियम घाला. दोन्ही थर उलट दिशांना वळतात, एकूण फ्लक्स जवळजवळ शून्य होतो, आणि आलेख पुन्हा वाचता येतो.

पायरी ७: मोजणी

सुरुवात साखळीपासून नको, रिकाम्या पृष्ठभागापासून करा. त्याचा वर्णपट सिद्धांताच्या वक्राशी जुळवून इलेक्ट्रॉनांचं खरं तापमान काढा. फ्रिजचा तापमापक ३० मिलीकेल्व्हिन दाखवत असला तरी तारांतून येणाऱ्या गोंगाटामुळे इलेक्ट्रॉन त्याहून बरेच गरम असू शकतात. हा आकडा हाती नसताना 'अमुक इतकी बारीक रेषा दिसली' असं लिहिण्याला अर्थ नाही.

एसटीएमचं टोक अतिसंवाहक असेल तर उष्णतेच्या मर्यादेपेक्षा बारीक रेषा दिसतात. पण मग सगळा वर्णपट टोकाच्या गॅपएवढा सरकतो. शून्य ऊर्जेची अवस्था शून्य व्होल्टला न दिसता टोकाच्या गॅपएवढ्या धन आणि ऋण व्होल्टेजला दिसते. त्यामुळे टोकाचा गॅप वेगळा, काळजीपूर्वक मोजून ठेवा. तो दोन-तीन टक्क्यांनी चुकला तर 'शून्य' शून्य राहत नाही.

लॉक-इनचं मॉड्युलेशन (मोजताना व्होल्टेजवर चढवलेला छोटा हेलकावा) काही दहा मायक्रोव्होल्टच्या आत ठेवा. सिग्नल स्पष्ट यावा म्हणून ते वाढवायचा मोह होतो, आणि दोन जवळच्या रेषांचं एक देखणं शिखर तयार होतं. मायोरानाचे कितीतरी आभास या एका बटणातून निघाले असतील.

पायरी ८: आपला दावा आपणच मोडून पाहणं

या क्षेत्राने दोन मोठे धडे घेतले आहेत. नॅनोतारेत वाहकता नेमक्या पुंजमूल्याला, म्हणजे सुमारे ७७.५ मायक्रोसीमेन्सला, पठारावते असा २०१८ चा दावा २०२१ मध्ये मागे घेतला गेला. चुंबकीय टोपोलॉजिकल थरावर अतिसंवाहक ठेवून अर्ध्या पुंजाचं पठार दिसल्याचा २०१७ चा दावाही २०२२ मध्ये मागे घ्यावा लागला. त्याआधी २०२० मध्ये इतर संशोधकांनी दाखवलं होतं की अतिसंवाहकाचा संपर्क चांगला असला की तो मधला पट्टा शॉर्ट करतो आणि नेमकं तेच अर्धं मूल्य मायोरानाशिवाय येतं. दोन्हीकडे 'योग्य' आकडा दिसला होता. आकडा योग्य असणं पुरेसं नव्हतं.

म्हणून नमुना कक्षात घालण्याआधीच वहीत लिहून ठेवा: काय दिसलं तर मी हा दावा सोडीन. माझी यादी अशी.

एकटा अणू, दोन, तीन अशा साखळ्यांचे वर्णपट आधी. एकट्या अणूची रेषाच शून्याजवळ असेल, तर लांब साखळीच्या टोकाला शून्य दिसण्यात नवल नाही. पायरी १ मधलं ते ओलांडणं आठवा. कोंडो शिखरही (चुंबकीय अणू आणि भोवतालचे इलेक्ट्रॉन यांच्या गुंत्यातून येणारं) शून्यावरच येतं. म्हणून चुंबकीय क्षेत्राने किंवा तापमानाने अतिसंवाहकता मारून पाहा. शुद्ध निओबियमला त्यासाठी अर्धा टेस्ला पुरतो. अतिसंवाहकता गेल्यावरही शिखर उभं असेल तर तो विषय तिथेच संपला.

मग लांबी. एकेक अणू वाढवत प्रत्येक वेळी टोकावर मोजा. छोट्या साखळीत दोन टोकांच्या अवस्था मिसळून शून्यापासून दूर जातात, आणि लांबीसोबत ही ऊर्जा वरखाली होत हळूहळू मावळायला हवी. २०२२ मध्ये निओबियमवरच्या मँगॅनीज साखळ्यांत लांबीनुसार असं हेलकावणं दोन्ही टोकांना मोजलं गेलं, आणि त्या संशोधकांनी त्याला मायोराना न म्हणता मायोरानाची 'पूर्वावस्था' म्हटलं. असा संयम मला आवडतो. दोन्ही टोकांची ऊर्जा प्रत्येक लांबीला सारखीच निघाली पाहिजे. एका टोकाला शून्य आणि दुसऱ्याला नाही, तर ती त्या टोकाची स्थानिक भानगड आहे. साखळीच्या मधल्या भागातला गॅपही दाखवा. मधे गॅपच नसेल तर टोकाची अवस्था संरक्षित कशापासून आहे?

सगळ्या साखळ्यांचे आकडे ठेवा, फक्त देखण्या साखळीचे नव्हे. बारा बांधल्या आणि दोनमध्ये शून्य आलं, तर निकाल 'बारापैकी दोन' असा आहे.

शेवटची चाचणी मला सर्वांत निर्णायक वाटते, आणि ती फक्त हाताने मांडलेल्या साखळीवरच करता येते. टोकावरचा शेवटचा अणू उचलून बाजूला ठेवा आणि नव्या टोकावर मोजा. अवस्था एक पाऊल मागे सरकून तिथे आली पाहिजे. मग काढलेला अणू पुन्हा जागेवर ठेवून पुन्हा मोजा. त्यानंतर त्याच टोकाशी एक परका, चुंबकीय नसलेला अणू आणून लावा. साखळीची अवस्था असेल तर ती थोडी हलेल, पण शून्य सोडणार नाही. टोकाच्या अणूची असेल तर या तीनपैकी एका पायरीवर ती रेषा शून्यावरून घसरेल, आणि ते तुम्हाला दुसऱ्या कुणाच्या आधी कळलेलं असेल.